फटफटीची झूल

“फटफटीला दोन पिशव्या लावायच्या, त्यात शिकण्यासारखं काय असतं?” असं जीवरामने भर ओट्यावर सात-आठ माणसांसमोर जाहीर केलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण दुसऱ्याच्या घरातलं भांडण रंगात आलं की ओट्यावरच्या माणसांना पाणी प्यायलाही उठवत नाही. ते कशाला हात ठेवतात?

भांडण जुनंच होतं. सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात जीवरामने जळगावहून एक सेकंडहँड मोटारसायकल आणली, तीही वडिलांना न विचारता. रावेरच्या अलीकडे केळीच्या पट्ट्यातलं त्यांचं गाव. तिथे वडिलांना न विचारता माणूस दाढीसुद्धा वाढवत नाही. वडील, म्हणजे लोटन आबा, ओरडले नाहीत. त्यांनी फटफटीभोवती दोन चकरा मारल्या, सीट दाबून पाहिली आणि विचारलं,

“हिच्यावर नेतात काय?”

“माणसं नेतात, आबा.”

“माणसाले पाय असतात.”

त्या दिवसापासून आबांचं मत पक्कं झालं. ज्याच्यावर गोणी जात नाही ते वाहनच नव्हे. बैलगाडीवर वीस गोण्या जातात, ट्रॅक्टरवर त्याहून जास्त, एसटीच्या टपावर तर अख्खं बिऱ्हाड जातं. ही बया मात्र सहा महिने नुसती जीवरामला आणि त्याच्या बायकोला, सुगंधाला, सिनेमाला नेऊन आणत होती. आबांनी बाजारात एक बैलजोडी हेरून ठेवली होती. फटफटी विकायची आणि जोडी आणायची, एवढ्यासाठी त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं.

ते निमित्त धुळ्याहून पोस्टाने आलं. सुगंधाचे वडील झुलाल नाना यांचं कार्ड होतं. धाकट्या मुलीची सुपारी फुटतेय, मार्गशीर्षातला रविवार धरलाय, अमळनेरचे पाहुणे येणार, दुपारी भरताचं जेवण आहे, तरी येताना चाळीस वांगी आणावीत. आता वांगी काय धुळ्याला मिळत नाहीत? मिळतात की. पण भरीत करायचं तर ते तुमच्याकडच्या पोपटी, हातभर वांग्याचंच, असं धुळ्याची मंडळी निदान जावयाच्या तोंडावर तरी म्हणतात.

दरवर्षी ही वांगी एसटीच्या टपावरून जात आणि दोन-चार तरी चेंगरून पोचत. जीवराम म्हणाला, या वर्षी मी फटफटीवरून नेतो. दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधतो, एकाही वांग्याला ओरखडा येणार नाही. आणि मग ते वरचं वाक्य बोलून मोकळा झाला.

आबांनी पानाला चुना लावला. घाई त्यांना कधीच नसे.

“चाळीस मोजून देतो, चाळीस मोजून घेईन,” ते म्हणाले. “एक जरी फुटलं, तं सोमवारी फटफटी इकायची अन् जोडी आणायची. कबूल?”

दाराआडून सुगंधा नाही-नाही अशी मान हलवत होती. पण जीवरामची तिच्याकडे पाठ होती.

“कबूल,” तो म्हणाला.

* * *

तसा जीवराम अगदीच बेजबाबदार नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो सावद्याला रुपचंद मेकॅनिककडे गेला. रुपचंद हा कमी बोलणारा माणूस. त्याच्या ओठांत कायम एखादा स्क्रू धरलेला असे आणि तो पडू न देता तो बोलत असे.

“कापडी पिशव्या लावायच्या तर नीट ऐक,” रुपचंद म्हणाला. “एक, सायलेन्सरपासून चार बोटं वर. दोन, चाकापासून वीतभर लांब, नाहीतर पिशवी आत ओढली जाते आणि माणूस बाहेर फेकला जातो. तीन, दोन्हीकडे वजन सारखं. दोन दिवस गाडी ठेव, मी सळईचा सांगाडा करून देतो. पिशव्या त्याच्यावर बसतील.”

“सांगाडा नको,” जीवराम म्हणाला. “चार बोटं, वीतभर, सारखं वजन. झालं ना?” आणि त्याने किक मारली.

रुपचंदने चौथं बोट वर केलं होतं. पण जीवराम तोवर केळीच्या ट्रकमागे दिसेनासा झाला होता.

सांगाडा नको म्हणण्याचं कारण असं, की पिशव्या शिवायला जीवरामने आधीच माणूस धरला होता. तो माणूस म्हणजे झिपरू. झिपरू हा पंचक्रोशीतला बैलांच्या झुली शिवणारा एकमेव कारागीर. पोळ्याच्या आधी महिनाभर त्याच्या अंगणात बैलांची रांग लागे. बैलाला नुसतं बघून तो माप सांगत असे आणि ते दोरीभरही चुकत नसे. जाड गोणपाट, वर रंगीत ठिगळं, काठाला गोंडे, गोंड्यांच्या मध्ये घुंगरं आणि पाठीवर आरसे. त्याच्या हातून नुसती पिशवी निघणं शक्यच नव्हतं.

झिपरूने फटफटी अंगणात उभी करायला लावली, टाकीवरून दोनदा हात फिरवला आणि तोंडाने च् च् केलं. मग दोरी घेऊन मागून पुढे माप घेतलं.

“पोटाखालून पट्टा घ्या लागीन,” तो म्हणाला.

“झिपरूभाऊ, पोटाखाली इंजिन आहे. ते तापतं.”

“बैलाचं पोट काय थंड राह्यते का?”

जीवरामने पट्ट्याला होकार देऊन टाकला. चाळीस वर्षं झुली शिवणाऱ्या माणसाला बैल आणि इंजिन यांतला फरक समजावून सांगायचा म्हणजे आधी तो आपल्याला नीट ठाऊक असावा लागतो.

बाकी कामात मात्र झिपरूने कसूर केली नाही. पिशवी चाकात वळू नये म्हणून ती आतून ताठ हवी, हे जीवरामने सांगितल्याबरोबर त्याने घरातले तेलाचे दोन रिकामे डबे कापले आणि त्यांचा पत्रा पिशव्यांच्या तळाला आणि आतल्या बाजूला शिवून टाकला. डबे त्याने पुसले होते, धुतले नव्हते. वरून झुलीचा पदर सोडला, तो पार सायलेन्सरच्याही खालपर्यंत आला. त्याला अठरा गोंडे आणि चोवीस घुंगरं. मागच्या दिव्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आरसा. ते झिपरूने आपणहून लावले.

शनिवारी सकाळी सगळं जागेवर बसलं. जीवरामने पदर उचलून उजव्या पिशवीखाली हात घातला. सायलेन्सरपासून बरोबर चार बोटं. चाकापासून वीत आणि वर अंगठा. ओट्यावरच्या मंडळींना बोलावून त्याने हे मोजून दाखवलं. सुगंधालाही दाखवलं.

“पण पिशव्या तं रिकाम्या आहेत अजून,” सुगंधा म्हणाली.

“भरल्या की झालं,” जीवराम म्हणाला.

माप रिकाम्या पिशवीचं घ्यायचं की भरलेल्या, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरता शिरता दारातूनच परत गेला. आबांनी मात्र दोन्ही पिशव्यांत स्वतःच्या हाताने वीस-वीस वांगी रचली, देठं एका बाजूला, मध्ये केळीची सुकी पानं. मोठ्याने मोजली. मग पिशवीला हात न लावता फटफटीकडे एकदा बघितलं, जसं बाजारात दुसऱ्याच्या बैलाकडे बघतात, आणि एसटी धरून ते शनिवारीच धुळ्याला निघून गेले. मोजून घ्यायला तिथे हजर राहायचं होतं ना!

* * *

रविवारी सकाळी साडेसहाला फटफटी निघाली. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघे. जीवरामने कानाला मफलर गुंडाळला होता, मागे सुगंधा शालीत बसली होती आणि दोघांच्या खाली चोवीस घुंगरं छुनछुन वाजत होती. फैजपूर गेलं, भुसावळ गेलं. वाटेत दोन बैलगाड्यांचे बैल ओळखीचं कुणी आलं की काय म्हणून थांबून बघू लागले. जळगावला चहा झाला. जीवरामने पदरावर थाप मारली आणि म्हणाला, “बघ, जागचं हललंय का काही?”

वरून काहीच हललं नव्हतं. खाली मात्र झिपरूचा पोटाखालचा पट्टा भुसावळच्या आसपासच तापून काळा पडला होता आणि जळगावच्या खड्ड्यांत तुटून पडला होता. पट्टा गेला तशा पिशव्या सैल पडल्या. दहा-दहा किलो वांगी त्यांना खाली ओढू लागली. चार बोटांची तीन झाली, तिनाची दोन. पाळधीच्या पुढे उजवी पिशवी सायलेन्सरवर अलगद टेकली. तळाचं गोणपाट होरपळून गेलं आणि उरला तो तेलाच्या डब्याचा पत्रा. डाव्या बाजूला सायलेन्सर नव्हता, त्यामुळे डावी पिशवी नुसती हवा खात लोंबत होती.

पण हे आपल्याला ठाऊक. जीवरामला फक्त वास आला.

वास खमंग होता. त्याने नाक वर केलं. उजवीकडे एका शेतात धूर दिसत होता आणि पाच-सहा माणसं गोल बसली होती.

“बघ,” जीवराम मागे वळून म्हणाला, “सकाळी नऊला भरीत पार्टी. याला म्हणतात हौस.”

आता खानदेशात हिवाळ्याच्या रविवारी रस्त्याने जाताना भाजल्या वांग्याचा वास आला, तर कुणीही दुसरं काय समजेल? शेताशेतांत कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजणं चाललेलं असतं. दुसरीकडच्या माणसाला वाटलं असतं, गाडीला काहीतरी जळतंय. तो उतरला असता, वाकून बघितलं असतं. जीवराम खानदेशी होता, म्हणून तो उतरला नाही. त्याला भूक लागली.

धूर मागे पडला. वास पडला नाही.

“अजून येतोय,” सुगंधा म्हणाली.

“पुढेही पार्टी असेल.”

एरंडोल आलं, गेलं. वास होताच. पुढे नुसतं माळरान लागलं, ना शेत ना झाड.

“इथं कोण पार्टी करतंय?”

“मेंढपाळ.”

“मेंढपाळांना वांगी कुठून मिळाली?”

“तू प्रश्न फार विचारतेस,” जीवराम म्हणाला. “सीझन आहे. सगळा जिल्हा भरीत खातोय आज.”

सुगंधा चिडली की तिची बोली सरळ माहेरी जात असे. “मी सांगस तुमले,” ती म्हणाली, “हाऊ वास आपला संगेच येई राहिना.”

जीवराम काही बोलणार, तेवढ्यात मागून फट् असा आवाज आला.

जीवरामला इंजिनाचा कान आहे, असं जीवरामचं मत होतं. त्याने लगेच गाडी बाजूला घेतली. “मिसफायर,” तो म्हणाला. प्लग काढला, पॅंटला पुसला, फुंकला, पुन्हा बसवला. प्लग काढायचा म्हणजे पुढचं चाक, टाकी, इंजिन एवढंच बघायचं. मागे कोण बघतो? अर्धा तास गेला. पुन्हा निघाले. वास वाढला होता.

वांगं भाजण्याआधी त्याला सुरीने चार ठिकाणी टोचे मारावे लागतात, नाहीतर आतली वाफ कोंडते आणि ते फुटतं, हे खानदेशातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. सुगंधालाही होतं. पण न भाजलेल्या वांग्यांबद्दल असला विचार कोण करतं?

पारोळ्यात शिरताना दुसऱ्यांदा फट् झालं. जीवरामने एसटी स्टँडजवळचं मेकॅनिकचं दुकान गाठलं. तिथला मेकॅनिक जाडजूड आणि मनाने चांगला होता. त्याने गाडी स्टँडवर घेतली, कार्ब्युरेटर खोलला, जोडला, आणि “आता पाच मिनिटं फुल रेसवर ठेवू” म्हणून अॅक्सिलरेटर पिळला. पाच मिनिटांची दहा झाली. फटफटी स्टँडवर थरथरत उभी, घुंगरं वाजतायत, पदर हलतोय आणि सगळ्या एसटी स्टँडवर वास पसरलाय. एसटीच्या रांगेतली माणसं माना वळवून बघू लागली. एका म्हाताऱ्याने तर पिशवीतून भाकरी काढून हातात धरून ठेवली.

“इंजिन एकदम ठणठणीत आहे,” मेकॅनिक म्हणाला. “आवाज मागून येतोय.”

“मागे फक्त बायको आहे,” जीवराम म्हणाला.

मेकॅनिकने सुगंधाकडे बघितलं आणि त्या बाबतीत काही बोलायचं नाही असं ठरवलं. मग त्याने दीर्घ श्वास घेतला. “कुठंतरी भरीत होतंय राव.”

“सीझन आहे,” जीवराम म्हणाला.

“मग मी जातोच घरी,” असं म्हणून त्याने दुकानाची फळी लावली.

* * *

धुळ्याला पोचेपर्यंत सव्वा वाजला. सुपारी केव्हाच फुटली होती. नानांच्या अंगणात मांडवाखाली अमळनेरची पंचवीस माणसं बसली होती. त्यांना अडीचची एसटी गाठायची होती. सकाळपासून त्यांच्या पोटात दोन वेळचा चहा आणि सुपारीचं खांड, एवढंच गेलं होतं. नवऱ्या मुलाचे वडील, पुना आप्पा, तिसऱ्यांदा घड्याळ बघत होते. सोयरीक जमल्या दिवशीच पाहुणे उपाशी परतले, तर लग्नापर्यंत ती टिकेल की नाही याची नानांना धास्ती वाटू लागली होती. आबा एका कोपऱ्यात खांबाला टेकून बसले होते. त्यांना कसलीच धास्ती नव्हती. ते वाट बघत होते.

घुंगरं वाजली तशी जीवरामची सासू, धुरपदाबाई, बाहेर धावली.

“जवाई, वांगा कोठे शेतस? बठ्ठा पाहुणा बशी ग्यात, आन् चूल थंडी शे.”

जीवरामने ऐटीत डाव्या पिशवीचं तोंड सोडलं. आत वीस वांगी, पोपटी, टवटवीत, सकाळी ठेवली तशी. ती बघून धुरपदाबाई मटकन खाली बसली. “आते ह्या कव्हय भाजाऊत, कव्हय सोलूत? तास जाई.”

मग जीवरामने उजव्या बाजूचा पदर उचलला. आतून वाफेचा लोट आला आणि त्याच्याबरोबर तो वास आला, जो पाळधीपासून त्याच्या संगतीला होता. पिशवी सायलेन्सरवर पसरून बसली होती. आत वांगी काळीठिक्कर, मऊ, सालं सुटलेली. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला साल आणि गर चिकटलेला, म्हणजे एक तरी फुटलं होतं. नीट पाहिलं तर दोन.

जीवरामच्या डोळ्यांपुढे बैलजोडी उभी राहिली. शिंगं रंगवलेली.

सगळा रस्ता त्याला आठवला. शेत, मेंढपाळ, मिसफायर, भाकरी धरून बसलेला म्हातारा. सुगंधाने त्याच्याकडे एकदा बघितलं. माळरानावर पुसलेल्या प्लगचा काळा डाग त्याच्या पॅंटवर होता, तिकडे ती बघत राहिली.

तेवढ्यात सासू ओरडली. “अगे माय! वांगा तं भाजेल शेतस!”

एका क्षणात अंगण जागं झालं. परात आली. बायकांनी गरम वांगी झेलली, सालं भराभर निघाली, ठेचणी सुरू झाली, लसूण-मिरची-शेंगदाण्याची फोडणी बसली, कांद्याची पात पडली. दहा मिनिटांत पानांवर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली गेली. डाव्या पिशवीतली वांगी कुणी बघितलीही नाहीत.

“जवाईसनी कमाल करी,” नाना प्रत्येक पंगतीत सांगत होते. “पाहुणास्ले उशीर व्हवाले नको म्हनीसन घरथूनच भाजीसन लयनात.”

पुना आप्पांनी तिसऱ्यांदा भरीत घेतलं आणि मान डोलावली. “असं धीमी आंचवर भाजेल भरीत माले आजलगून कोठेच मिळनं नही. जवाई, लाकूड कोनतं वापरं? तुरकाठी का पऱ्हाटी?”

सगळी पंगत जीवरामकडे बघू लागली.

“पऱ्हाटी,” जीवराम म्हणाला.

सुगंधाला ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना.

आबा मात्र उठले. पान अर्धं सोडून ते बाहेर गेले. जीवरामने मान वळवून बघितलं. आबा फटफटीभोवती चकरा मारत होते, उन्हाळ्यात मारल्या होत्या तशाच. एकदा त्यांनी पदर उचलला. सायलेन्सरवर चिकटलेली साल बोटाने ओढली, हुंगली. पत्र्याला हात लावून चटकन मागे घेतला. मग आत आले आणि जीवरामच्या शेजारी बसले.

“फुटली किती?” आबांनी हळू विचारलं.

जीवराम खोटं बोलला असता. पऱ्हाटी म्हणून तो आधीच एकदा बोलला होता. पण बापाने स्वतः मोजून दिलेली वांगी होती.

“दोन,” तो म्हणाला.

“ठरलं काय व्हतं?”

“एक जरी फुटलं तरी.” जीवरामने घास खाली ठेवला. “सोमवारी सावद्याला नेतो गाडी.”

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले. पंगतीत कोण काय बोलतंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“बैलजोडी वर्षभर खाते,” ते शेवटी म्हणाले, “पण एक वांगं भाजून देत नाही. राहू दे फटफटी.”

जीवरामला एवढा आनंद झाला की पुना आप्पांच्या पाठोपाठ त्यानेही चौथ्यांदा भरीत घेतलं. अमळनेरची मंडळी अडीचच्या एसटीने वेळेवर गेली. सोयरीक टिकली.

* * *

सोमवारी जीवराम खरंच सावद्याला गेला, पण विकायला नाही. रुपचंदने पदर उचलून खाली बघितलं. ओठांतला स्क्रू त्याने पहिल्यांदाच बाहेर काढून ठेवला.

“चौथं ऐकायला थांबला नाहीस,” तो म्हणाला. “भरल्यावर मोजायचं, हे चौथं होतं. आता ठेव गाडी, सांगाडा करून देतो. चार बोटं वर, पक्कं.”

“ठेवतोच,” जीवराम म्हणाला. तो शहाणा झाला होता. माणूस एकदा तरी होतो.

पण गाडी दोन दिवस ठेवायची तर घरी सांगायला हवं, म्हणून तो आधी निरोप द्यायला आला. आबा दारात उभे होते. त्यांच्याबरोबर ओट्यावरची सगळी मंडळी होती आणि धुळ्याची बातमी फटफटीच्या आधी पोचलेली होती.

“सांगाडा?” आबा म्हणाले. “काहून? पिशवी वर घेशीन, मंग वांगी भाजतीन कशी?”

“आबा, तसं बांधणं धोक्याचं आहे. रुपचंद म्हणतो...”

“रुपचंदने हात लावला, तं जोडी आणीन.”

झालं. जीवरामची फटफटी वाचली होती, पण ती जोवर चुकीची बांधलेली आहे तोवरच. झिपरूने पुढच्या आठवड्यात जुन्या पत्र्याच्या जागी नवा, जास्त जाड बसवून दिला. रुपचंदला आबांनी जातीने भेटून विचारलं की डाव्या बाजूलाही एक सायलेन्सर बसेल का, म्हणजे दोन्हीकडे सारखं काम होईल. रुपचंद तेव्हापासून आबांना बघितलं की दुकानाच्या मागच्या दाराने जातो.

सुगंधा एसटीने माहेरी जाते. “चुलीवर बसून दीडशे किलोमीटर गेलेली सगळ्या खानदेशात मी एकटी,” असं ती जीवरामला सांगते. “एकदा पुरे.”

आणि आबांच्या शेतात दर रविवारी पार्टी असते. वांगी छान भाजायला किती वेळ लागतो, याचा आबांनी धुळ्याच्या वाटेवरून अंदाज बांधलाय. वीस वांगी उजवीकडे, तोल राहावा म्हणून वीस डावीकडे, आणि जीवराम सकाळी निघून पारोळ्यापर्यंत जाऊन येतो. वाटेत त्याला तोच खमंग वास येतो, आणि आता तो कुठून येतोय हेही ठाऊक असतं. फक्त तो शेतावर परत पोचतो तेव्हा मंडळींना धीर धरवलेला नसतो. त्यांनी पऱ्हाट्या पेटवून, वांगी भाजून, जेवण उरकून झाडाखाली ताणून दिलेली असते. मग जीवराम एकटाच बसतो आणि गार भाकरीबरोबर वीस वांग्यांचं भरीत खातो.